रेडा की बैल? आधी शेत दाखवा

मास्तर, नमस्कार.

मी गोव्यात साखळी गावाला कराटेचा क्लास चालवतो. वय ३८, वजन ६४ किलो, थर्ड डॅन ब्लॅक बेल्ट. दिवसा पणजीला नोकरी, संध्याकाळी हॉलात बावीस मुलं.

माझा मेहुणा बोटीवर कामाला आहे. सुट्टीवर आला की रविवारी सासुरवाडीच्या जेवणात एकच विषय काढतो. "भावोजी, तुमचं ते हवेतलं हुऽऽ हाऽऽ ठीक आहे. पण हेवीवेट बॉक्सर समोर आला तर?" मी म्हणतो, गुडघ्यावर एक लाथ आणि विषय संपला. तो म्हणतो, पाय उचलायच्या आधीच तुम्ही आडवे झालेले असाल. चार वर्षं हेच चाललंय.

मध्यंतरी क्लासमध्ये सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, तुम्ही टायसनला हरवाल का?" सगळी मुलं बघत होती. मी म्हटलं, "कराटेत वजनाला किंमत नसते." पंधरा दिवसांनी तोच मुलगा शाळेमागे नववीतल्या एका थोराड पोराला लाथ मारायला गेला. ओठ फुटला, पुढचा दात हलला. त्याची आई क्लासवर आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना त्याला?"

आता मेहुण्याचा बोटीवरचा एक मित्र चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात येतोय. ९८ किलो, बॉक्सिंग खेळलेला. आमच्याच हॉलात तीन 'फ्रेंडली' राउंड मेहुण्याने परस्पर ठरवून टाकलेत. काजू फेणीच्या सहा बाटल्यांची पैज आहे. मुलांना कळलंय, त्यामुळे मागे हटलो तर क्लास बसेल. मास्तर, खरंच कोण जिंकेल? आणि मी काय करू?

— एक सेन्सेई, साखळी

सेन्सेई,

कोण जिंकेल ते पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, नाहीतर ते शोधत तुम्ही बाकीचं सगळं ओलांडून खाली धावाल. तुमचा हॉल, दोघांच्या हातात ग्लव्हज, उभ्याने तीन राउंड, असा बेत असेल तर तुम्ही हराल. तिसरा राउंड बहुधा लागणारच नाही.

आता रागाने वाचायचं थांबवू नका. मेहुणा बरोबर आहे, पण त्याला वाटतं तितका नाही.

माझे एक काका धिरयोचे, म्हणजे बैलांच्या झुंजींचे, शौकीन होते. १९९६ साली कोर्टाने धिरयोवर बंदी आणली त्याच्या पुष्कळ आधीची गोष्ट. (बंदीनंतरही कुठे कुठे पहाटे काय चालतं ते सगळ्या गोव्याला ठाऊक आहे. मला त्याचं कौतुक नाही.) तर गावातले रिकामटेकडे काकांना हटकून विचारायचे, "रेडा आणि बैल जुंपले तर कोण जिंकेल?" काका विडी विझवून उलट विचारायचे, "कोणाच्या शेतात?" चिखलात का माळावर, एवढं आधी सांग, मग मी सांगतो. विचारणाऱ्याकडे उत्तर नसायचं. त्याला शेत नको असायचं, नुसता निकाल हवा असायचा.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर चार वर्षं शेत न दाखवताच रेडा आणि बैल झुंजतायत.

शिवाय 'मार्शल आर्टिस्ट' हा शब्द फार पसरट आहे. नुस्तं, म्हणजे मासळी, म्हटलं की त्यात इसवण आणि तारले दोन्ही आले. कराटे वेगळं, ज्युदो वेगळं, कुस्ती वेगळी. हेवीवेट मात्र नेमका शब्द आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये २०० पौंडांच्या वर, म्हणजे साधारण ९१ किलोंच्या पुढचा गडी. तेव्हा एका बाजूला मोजून मापून ठरवलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला धुकं, अशी ही तुलना आहे.

शेताची गोष्ट खऱ्याखुऱ्या लढतीत पाहायची असेल तर २६ जून १९७६चं टोकियो पाहा. बुदोकान सभागृह. एकीकडे मुहम्मद अली, जगाचा हेवीवेट विजेता, वय ३४. दुसरीकडे अंतोनियो इनोकी, जपानचा पहिलवान, उंचीला अलीच्या तोडीचा. पंधरा राउंडची लढत. आज एकदाचा निकाल लागणार म्हणून जग टीव्हीला चिकटलं होतं. घंटा वाजली, इनोकी धावत आला, घसरत जमिनीवर आडवा झाला आणि पडल्या जागेवरून अलीच्या पायांवर लाथा मारायला लागला. नंतरचे जवळजवळ पंधराही राउंड तेच. हा पाठीवर पडलेला, तो भोवती फिरतोय आणि ऊठ म्हणून ओरडतोय. अलीने सबंध लढतीत मारलेले ठोसे बोटांवर मोजता येतील. शेवटी बरोबरी जाहीर झाली, प्रेक्षकांनी शिव्या घातल्या. अलीचे पाय सुजले, रक्ताच्या गाठी झाल्या, इस्पितळात जावं लागलं.

लोक या लढतीला तमाशा म्हणतात. मला ती फार सच्ची वाटते. उभा राहिलो तर अलीचा हात पोचणार हे इनोकीला पक्कं माहीत होतं. वाकलो तर इनोकीच्या मगरमिठीत सापडणार हे अलीला माहीत होतं. पंधरा राउंडांत कोणीही दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवला नाही. रेडा चिखलात बसून राहिला आणि बैल बांधावर उभा राहिला. बघणाऱ्यांना कंटाळा आला, पण दोघांनाही अक्कल होती. मेहुणा म्हणेल, इनोकी लुटुपुटूच्या कुस्त्यांतला माणूस. त्याला सांगा, त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला याच इनोकीने गामा पहिलवानाचा पुतण्या अक्रम याचा हात पिरगाळून निकामी केला होता.

अली-इनोकी लढतीचा पंच होता जीन लबेल. तो स्वतः ज्युदोचा गडी. १९६३च्या डिसेंबरात सॉल्ट लेक सिटीत त्याने मायलो सॅव्हेज नावाच्या मुरलेल्या बॉक्सरशी लढत केली आणि चौथ्या राउंडला गळा आवळून त्याला बेशुद्ध केलं. पुढे १९९३ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली, म्हणजे वेगवेगळ्या कलांचे लढवय्ये एकमेकांशी भिडवणारी स्पर्धा. तिथे आर्ट जिमरसन हा बॉक्सर एकाच हातात ग्लव्ह घालून उतरला. का, ते त्यालाच माहीत. ऐंशी किलोच्या आसपासच्या रॉइस ग्रेसीने त्याला खाली घेतलं आणि छातीवर बसला. अजून काही केलंही नव्हतं, तेवढ्यात जिमरसनने हार मानली.

मेहुण्याच्या तोंडावर मारायला सर्वांत चांगलं उदाहरण मात्र जेम्स टोनीचं. अनेक वजनी गटांत विजेता ठरलेला बॉक्सर. ऑगस्ट २०१०मध्ये बोस्टनला तो रँडी कूचरसमोर उभा राहिला. कूचर मूळचा कुस्तीगीर, वय ४७. सुरुवातीलाच कूचरने खाली वाकून पाय धरला. आपल्या तालमीत ज्याला एकेरी पट म्हणतात तोच डाव. टोनी कोसळला तो कोसळलाच. पहिल्याच राउंडमध्ये हात आणि मान एकत्र आवळून कूचरने त्याला शरण आणलं. आयुष्यभर ठोसे चुकवलेला माणूस जमिनीवर पाण्याबाहेरच्या माशासारखा दिसत होता.

मात्र मेहुण्याकडेही हुकमाचं पान आहे, तेही सांगतो. २००९ सालचा रे मर्सर. एकेकाळचा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता आणि हेवीवेट विजेता, तेव्हा ४८ वर्षांचा. समोर टिम सिल्व्हिया, यूएफसीचा माजी हेवीवेट विजेता, उंचीने मर्सरपेक्षा कितीतरी मोठा. सिल्व्हियाने काय केलं? पायावर एक लाथ मारली. अगदी तुम्ही जेवताना म्हणता तशी. मर्सरने उजवा हात फिरवला. नऊ सेकंदांत खेळ खलास.

तेव्हा 'गुडघ्यावर एक लाथ' या वाक्यावर जरा थांबू या. सेन्सेई, उभ्या आयुष्यात तुम्ही खऱ्या माणसाच्या गुडघ्यावर पूर्ण ताकदीने किती वेळा लाथ मारली आहे? एकदाही नाही. मारायचीही नसते. क्लासमध्ये अशी लाथ मारली तर दुसऱ्या दिवसापासून मुलं यायची नाहीत. म्हणजे ज्या हत्याराच्या भरवशावर तुम्ही लढायला निघालात ते एकदाही म्यानातून काढलेलं नाही. त्या ९८ किलोवाल्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मात्र हजारो वेळा अशा माणसांवर चाललाय जी हलतात, वाकतात आणि उलट मारतात. तुमची कला खोटी आणि त्याची खरी असं मी म्हणत नाही. कोण रोज कशावर घासतो याचा हा फरक आहे. लबेल, ग्रेसी, कूचर जिंकले ते या जोरावरच. त्यांचा सराव रोज, प्रतिकार करणाऱ्या माणसाला धरण्या-पाडण्याचा. तुम्ही क्लासमध्ये कमरेला मिठी घालून पाडायला शिकवता का? शिकवत असाल तर पडणारा खरोखर विरोध करतो का? हे उत्तर मला पाठवायची गरज नाही.

मला हे कसं कळलं तेही सांगतो. चोविशीत होतो. पाच वर्षं ज्युदो झाला होता आणि अंगात मस्ती मावत नव्हती. वास्कोला एका ओळखीच्याने नौदलातल्या एका बॉक्सरशी गाठ घालून दिली. हेवीवेट नव्हता हो, ७५ किलोच्या आत-बाहेर. त्याच्या हातात ग्लव्हज, माझे हात मोकळे, धरायची मुभा. तो हसत म्हणाला, हळू मारतो. मी पाऊल टाकलं. त्याचा खांदा हलला की नाही, मला आजही सांगता येणार नाही. नाकात कोणीतरी लवंगी मिरची कोंबल्यासारखं झालं आणि दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दुखलं नंतर. आधी दिसेनासं झालं. ठोसा येतोय हे मला ठोसा लागल्यावर कळलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. मी हात वर केले तर पोटात, पोट झाकलं तर पुन्हा नाकावर. शेवटी डोकं खाली घालून, एक खाऊनच आत घुसलो आणि कमरेला विळखा घातला. त्या क्षणी त्याचा चेहरा बदलला. विळख्यात काय करायचं ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पाय अडकवून पाडला, वर बसलो, आणि तो लहान पोरासारखा हातपाय झाडायला लागला.

मी जिंकलो असं वास्कोत काही जण अजून सांगतात. मी सांगत नाही. त्याच्या शेतातून माझ्या शेतात पोचायची जकात मी पाच ठोशांत भरली होती, आणि ते पाचही त्याने मला जपून मारलेले होते.

जपून न मारलेला ठोसा कसा असतो त्याची मोजणी झालेली आहे. १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रँक ब्रुनोच्या ठोशाचा अभ्यास छापून आला. हेवीवेटमधला तेव्हाचा नावाजलेला बॉक्सर. त्याची मूठ साधारण अर्धा मीटर अंतर एक दशांश सेकंदात कापत होती आणि आदळताना तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर होता. आघाताचं बल ४,०९६ न्यूटन, म्हणजे चारशे किलोंच्या वर. आता आपलं गणित करा. डोळ्याने पाहून हात हलवायला धडधाकट माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. मूठ त्याच्या निम्म्या वेळात पोचलेली असते. ठोसा बघून चुकवता येतच नाही. चुकवणारे खांदा वाचतात, पाऊल वाचतात, समोरच्याच्या सवयी वाचतात, आणि ते वाचन वर्षानुवर्षं ठोसे खाऊनच येतं. तुमच्या कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, गुण मिळाला की पंच थांबवतो. बॉक्सिंगमध्ये तिथून दुसरा ठोसा सुरू होतो.

वजनाला किंमत नसते हे तुम्ही त्या मुलाला सांगितलंत. कुठून आणलंत? २०२३मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गोव्यात झाल्या. बॉक्सिंग असो, ज्युदो असो, कुस्ती असो, आधी वजनकाटा आणि मग मैदान. तुमच्या कराटेतही वजनी गट आहेत. वजनाला किंमत नसती तर हा काटा कशाला लागला असता? काही मुलं म्हणतील, मग ब्रूस ली? त्याचं वजन जवळपास तुमच्याइतकंच. पण एवढा बोलबाला असलेला तो माणूस अलीच्या लढतींच्या फिती लावून त्याची पावलं बघत बसायचा. १९५८ला हाँगकाँगच्या शालेय बॉक्सिंग स्पर्धेत तो जिंकलाही होता. बॉक्सरकडून घेण्यासारखं काही आहे हे त्याला कळलं होतं. तुम्ही चार वर्षं त्या बॉक्सरची चेष्टा करताय.

नियमांचं म्हणाल तर कराटेवाल्यांना ते वेगळं सांगायला नको. टोकियो ऑलिंपिकची ७५ किलोंवरच्या गटाची अंतिम लढत आठवा, ऑगस्ट २०२१. सौदीचा तारेग हमेदी ४-१ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्याला लागली आणि तो बेशुद्ध पडला. स्ट्रेचरवरून नेला. लाथ बेबंद मारली म्हणून हमेदी बाद, आणि सुवर्णपदक बेशुद्ध माणसाच्या गळ्यात. कोण जिंकला? कुठल्याही गल्लीत विचारलंत तर एक उत्तर मिळेल आणि पदकाच्या यादीत दुसरं. मला विचाराल तर निर्णय योग्यच होता. त्या खेळाने ते शेत आखून घेतलेलं आहे.

रस्त्यावरची मारामारी हे तिसरंच शेत. तिथे ग्लव्हज नसतात. १९८८च्या ऑगस्टमध्ये खुद्द टायसनने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पहाटे मिच ग्रीन या दुसऱ्या बॉक्सरला रस्त्यात ठोसा मारला आणि स्वतःचा उजवा हात मोडून घेतला. जगाचा विजेता तो, आणि उघड्या मुठीने कवटीवर मारल्यावर हाड त्याचंच गेलं. मेहुण्याला हे रविवारी वाढा. मात्र मिच ग्रीनचा डोळा कसा बंद झाला होता तेही वाढा.

आता मुलाकडे येतो. हॉलातल्या तीन राउंडांपेक्षा मला त्याचा दात जास्त महत्त्वाचा वाटतो.

दात कायमचा आहे. हलत असेल तर डेंटिस्टला दाखवलाय का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे विचारलेलं नाही. आज संध्याकाळी क्लास सुटल्यावर त्यांच्या घरी जा. त्या बाईंना क्लासवर बोलावू नका. मुलासमोर सांगा की मी चुकीचं बोललो. दाताचं बिल विचारा आणि भरा. त्या 'राहू दे सर' म्हणतील. तरी भरा. त्या भांडल्या नाहीत याचा अर्थ त्यांना लागलं नाही असा नव्हे. मी तीस-पस्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. ओरडणारे पालक चार दिवसांत विसरायचे. शांतपणे एकच प्रश्न विचारून जाणारे परत यायचे नाहीत.

मग क्लास. मुलांना गोल बसवा आणि जितक्या मोठ्याने तेव्हा सांगितलंत तितक्याच मोठ्याने सांगा, "टायसनसमोर मी एक मिनिट टिकणार नाही." हसतील. हसू द्या. मग किक पॅड काढा. पस्तीस किलोच्या मुलाला पॅड धरायला लावा आणि पंचावन्न किलोच्या मुलाला ढकलायला सांगा, लाथ नको, नुसतं ढकलायला. नंतर उलट करा. दोन मिनिटांत प्रत्येकाच्या अंगाला वजन कळेल. व्याख्यान देऊ नका. त्यानंतर त्यांना खरोखर उपयोगी पडेल ते शिकवा. थोराड पोराशी अंतर कसं ठेवायचं, धरलं तर मनगट कसं सोडवायचं, पडताना डोकं कसं वाचवायचं, कधी पळायचं आणि पळताना कोणाच्या नावाने ओरडायचं. बाराव्या वर्षी पळायला शिकवणारा सेन्सेई मला मिळाला असता तर बरं झालं असतं.

आता तीन राउंड. तुम्हाला वाटतं, मागे हटलो तर क्लास बसेल. उलट विचार करून बघा. पुढे झालात आणि तुमच्याच हॉलात, तुमच्याच मुलांसमोर पडलात तर? डोकं फरशीवर आपटलं तर? हेडगार्ड घालू म्हणाल. हेडगार्डने भुवई फाटायची वाचते, कवटीतला मेंदू हिंदकळायचा वाचत नाही. पुरुषांच्या वरच्या पातळीवरच्या बॉक्सिंगमधून तर ते २०१३ सालापासून काढूनच टाकलंय. डॉक्टर नाही, पंच नाही, वजनात ३४ किलोंचा फरक आणि वर फेणीची पैज. याला फ्रेंडली म्हणायचं असेल तर मेहुण्याचे शत्रू कसे असतील देव जाणे.

आणि एक साधी गोष्ट कोणी विचारलीय का? त्या बॉक्सरला लढायचंय का? माझा अंदाज आहे की नाही. महिने महिने बोटीवर काढून माणूस चवथीला येतोय. त्याला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बघायची असेल, नेवऱ्या खायच्या असतील, दुपारी ताणून द्यायची असेल. ज्यांनी खरोखर ठोसे खाल्लेत त्यांना उगाच कोणाला मारायची हौस उरत नाही. ती हौस असते ती पैज लावणाऱ्यांना. मेहुण्याला मध्ये न घेता त्याचा नंबर मिळवा आणि थेट फोन करा. सांगा, माझ्याकडे बावीस मुलं आहेत, एका शनिवारी येऊन त्यांना जॅब शिकवाल का? चहा-भजी माझ्याकडून.

तो आला की पॅड तुम्ही धरा. मुलांना समोर बसवा. त्याला सांगा, अर्ध्या जोराने मारा. पहिल्या जॅबला तुमची टाच उचलली जाईल, उजव्या हाताच्या सरळ ठोशाला तुम्ही दोन पावलं मागे जाल आणि कोपरापर्यंत मुंग्या येतील. मुलांना ते बघू दे. मग पॅड त्याच्या मांडीला बांधा आणि तुमची खालची लाथ, ती चांगली जमत असणार तुम्हाला, हळूच दोनदा त्याला खाऊ द्या. त्याच्या भुवया वर जातील. अलीच्याही गेल्या होत्या. त्यानंतर तो तुम्हाला विचारेल, ही लाथ येताना ओळखायची कशी? तुम्ही विचारा, तुमचा खांदा हलतो तो नेमका कधी? तिथून पुढचा तासभर तुम्हाला मेहुण्याची आठवण येणार नाही.

एखाद-दुसरं मूल क्लास सोडेल. ज्याला टायसनला हरवणारे सरच हवे होते ते सोडेल. जाऊ द्या.

पैजेचं म्हणाल तर आपण हरलो असं मेहुण्याला सरळ सांगा आणि सहाऐवजी दोन बाटल्या द्या. चार वर्षांच्या वादात तो निम्मा बरोबर होता, तेव्हा हिशोबाने तीन होतात. पण भाचेमंडळींच्या मामाला एवढी सूट चालेल. बाटली देताना पुढच्या रविवारसाठी काकांचा प्रश्न त्याच्या हातात ठेवा. तो "बॉक्सर जिंकेल" म्हणाला की तुम्ही आमटीत भात कालवत विचारा, "कोणाच्या शेतात?"

शनिवार ठरला की कळवा. म्हापशाहून साखळीला बस आहे, मी येईन. माझं नाक वास्कोपासून उजवीकडे किंचित वाकडं आहे. मुलांना दाखवायला उपयोगी पडेल.

— मास्तर